परक्या दगडावरचं पाणी

चौदाव्या दिवशी दुपारी घर पहिल्यांदा रिकामं होतं. भाड्याच्या सतरंज्या परत गेलेल्या, मोठी पातेली घासून देवळाच्या ओवरीत पोचलेली, शेवटचे पाहुणे दोनच्या एसटीला लागलेले. कुमुद पुढच्या सोप्यात जमिनीवरच चटई टाकते आणि कुशीवर होते. चैत्राचं ऊन पत्र्यावर तडतडतंय. डोळे मिटले तरी उजेड जात नाही, पापण्यांच्या आत तांबडं काहीतरी हलत राहतं. मागच्या अंगणात तिची भावजय लीला ज्वारी पाखडतेय. सुपाचा आवाज येतोय, मग थांबतोय, मग पुन्हा येतोय. तो ऐकू येतोय तोवर आपण जाग्या आहोत, असं कुमुद स्वतःला सांगते. तिला झोपायचं नाही. झोपलं की आप्पा येतील, आणि आले तर त्यांना एक गोष्ट विचारावी लागेल.

आप्पा म्हणजे तिचे वडील, नीळकंठ गुरव. निंबोड्याच्या भैरवाची पूजा त्यांनी बावन्न वर्षं केली. कुमुद साताऱ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, तिचा धाकटा भाऊ भानुदास गावीच राहिला आणि आता पूजा त्याच्याकडे आलीय. आप्पा गेले ते साताऱ्याच्या दवाखान्यात. शेवटच्या दिवशी त्यांना गिळता येत नव्हतं. पाणी दिलं तर फुफ्फुसात जाईल, थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खाटेच्या पायथ्याला तसा कागदही लावला होता. कुमुदला लिहिलेलं पाळायची सवय. आप्पांनी तीनदा पाणी मागितलं. "कुमे, घोटभर," एवढंच म्हणाले. तिने कापसाचा बोळा ओला करून त्यांच्या ओठांवरून फिरवला, तेव्हा त्यांनी तो लहान मुलासारखा चोखायला सुरुवात केली. नर्स म्हणाली, "मॅडम, पिळू नका हं." कुमुदने बोळा काढून घेतला. त्यानंतर चार तासांनी आप्पा गेले. पाणी दिलं असतं तरी गेलेच असते. पण तहानलेले गेले नसते.

एवढ्यावर थांबलं असतं तर माणूस म्हणाला असता, होतं असं. पण पुढेही झालं. ज्या दगडाने चितेपाशी मडकं फोडतात, तो जीवखडा दहा दिवस जपायचा असतो. गेलेल्याचा जीव त्या दगडात राहतो, रोज त्याच्यावर तिळाचं पाणी सोडलं की ते त्याला पोचतं, अशी रीत. क्रियेला भानू बसला होता. खडा घरात आणत नाहीत, म्हणून तो पांढऱ्या फडक्यात बांधून अंगणातल्या लिंबाच्या ढोलीत ठेवायचं काम कुमुदने अंगावर घेतलं. पाचव्या दिवशी पहाटे बघते तर ढोली रिकामी. फडकं उकिरड्याशी फाटून पडलेलं, त्याला तूप लागलं होतं, कुत्र्याने ओढून नेलं असणार. अंगणभर दगडच दगड, सगळे मुठीएवढे, सगळे काळे. कुमुदने अर्धा तास धुंडाळलं. आतून भानूच्या खोकण्याचा आवाज आला तेव्हा तिने त्यातल्या त्यात तसा दिसणारा एक दगड उचलला, आप्पांच्या जुन्या धोतराचा तुकडा फाडून त्यात बांधला आणि ढोलीत ठेवला.

पुढचे सहा दिवस भानूने त्याच दगडावर पाणी सोडलं. दहाव्याला पिंडाला कावळा क्षणात शिवला. लोक म्हणाले, नीळूआप्पा तृप्त होऊन गेला, मागं काही राहिलं नाही त्याचं. तिऱ्हाइताचा दगड बंधाऱ्याच्या पाण्यात बुडाला. कुमुद काठावर उभी राहून तो बुडताना बघत होती, आणि या गोष्टीवर आपला विश्वास नाही असं मनाशी घोकत होती. विश्वास नव्हताच. पण विश्वास नसला की गोष्ट छातीवरून उतरते, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं तिला आठवेना.

सुपाचा आवाज थांबतो. पुन्हा सुरू होतो, तेव्हा तो जरा खोल वाटतो, दगडी जागेत घुमल्यासारखा.

"सरक की जरा. ऐन उंबऱ्यात पडलीयास."

कुमुद डोळे उघडते. चटई तीच आहे, पण खाली देवळाची फरशी आहे, गार. गाभाऱ्याचा उंबरा तिच्या डोक्याशी आहे आणि आप्पा हातात तांब्या घेऊन तिला ओलांडायला वाट शोधतायत. एक्क्याऐंशीचे नाहीत, पन्नाशीतले आहेत. छातीवरचे केस अजून काळे. ती अंग चोरते, ते आत जातात.

"आप्पा," ती म्हणते, "तुम्ही गेलाय."

"व्हय की. चौदा दिस झालं." ते मागं वळून बघत नाहीत. "तुला आज कळलं व्हय?"

तिला हसू येतं. आत समई नाही, तरी दिसतंय. शेंदराने भरलेला भैरव, चांदीचे डोळे, वरच्या हातात त्रिशूळ आणि डमरू, खाली उजवीकडे खड्ग. खाली डाव्या हातात केसांनी धरलेलं कापलेलं मुंडकं. त्या मुंडक्याखाली तोंड वर करून बसलेलं दगडी कुत्रं, गळणारं रक्त जिभेवर झेलणारं. लहानपणी ती या कुत्र्याला घाबरायची, देवाला नाही.

आप्पा तांब्या उचलतात आणि रोजच्यासारखं आधी मुंडक्याला स्नान घालतात. देवाला नंतर. तांब्यातून काहीच पडत नाही. तरी ते बोटांनी मुंडक्याच्या कपाळावरचा शेंदूर चोळतात, कानामागं चोळतात, मिटलेले डोळे अंगठ्याने पुसतात, जसं ताप आलेल्या पोराचं तोंड पुसावं तसं.

हे तिला माहीत आहे. नऊ वर्षांची असताना तिने विचारलं होतं, देवाच्या आधी याला का? आप्पा म्हणाले होते, "देवाच्या डोक्यावर पानी घालाय सारा गाव हाय. ह्याला कोन हाय?" पुढं ती शिकली, पुस्तकांत राहिली, आणि एका सुट्टीत त्यांना समजावून सांगायला बसली. आप्पा, ते मुंडकं म्हणजे माणसाचा अहंकार. देव तो छाटतो आणि हातात धरतो, म्हणजे तो भक्ताला त्याच्यापासून सोडवतो. आप्पांनी बेलाची पानं निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आसंल बाई. पर अहंकाराला बी तहान लागत आसंल."

"आजून ध्यानात हाय?" आप्पा आता विचारतात. ती काही बोलली नव्हती.

"सगळं ध्यानात आहे. तेच तर."

"कालिजात भाषण केलं व्हतंस म्हणं. देवीच्या गळ्यातल्या मुंडक्यांवर. भानू सांगत हुता."

"केलं होतं."

"काय सांगितलंस पोरांना?"

कुमुद सांगायला जाते. मुंडमाळ म्हणजे काळ, एक एक मणी म्हणजे सरलेलं एकेक युग. अंगाला राख म्हणजे शेवटी काय उरतं त्याची आठवण. मसणात राहणारा देव म्हणजे जिथं सगळे सोडून जातात तिथंही कुणीतरी थांबलेलं असतं, ही खात्री. मुलांनी वहीत उतरवून घेतलं होतं. टाळ्याही वाजल्या होत्या. पण चितेवर आप्पांची कवटी फुटल्याचा आवाज तिने ऐकला तेव्हा यातलं एकही वाक्य तिच्या मदतीला आलं नाही. आवाज वाळकी फांदी मोडल्यासारखा होता. त्याला काही अर्थ नव्हता. बाया लांब घरीच थांबल्या होत्या, ती हट्टाने मसणवट्यात गेली होती, आणि तिने हट्ट करून नेमकं एवढंच मिळवलं.

"चांगलं सांगितलंस," आप्पा म्हणतात. हेही ती बोलली नव्हती. "खोटं न्हाई त्यातलं काय. पर ते जित्यांच्या कामाचं."

"आणि गेलेल्यांच्या?"

आप्पा तांब्या पालथा करून दाखवतात, आत कोरडा. "हात दाव तुझा."

कुमुद उजवा हात पुढं करते, आणि तेव्हा तिला दिसतं की तळव्यात दगड आहे. धोतराच्या चिंधीत बांधलेला, तिने उचललेला. ती तो खाली ठेवायला जाते. दगड सुटत नाही. ती हात झटकते, फरशीवर घासते, डाव्या हाताने ओढते. तळव्याची कातडी ताणली जाते, पण दगड जागचा हलत नाही.

"येडे, आसं ओढून निघतंय व्हय ते?" आप्पा खाली बसतात, तिचं मनगट धरतात. त्यांचा हात कोरडा आहे, वाळलेल्या बेलपानासारखा. "त्याचं बी न्हवतं निघालं." हनुवटीने देवाकडं खूण करतात. "नखानं ब्रह्मदेवाचं डोकं खुडलं, आन ते बसलं तळव्याला चिकटून. ब्रह्महत्या. लई झटाकलं. मग काय करतोय? तसाच हिंडला दारोदार, भीक मागत. भांडं कुठनं आणायचं? जे हाताला चिकाटलं त्याचंच भांडं केलं."

"मग काशीला गेल्यावर सुटलं ना?"

"आसं म्हणत्यात. म्या कुठं काशी बघितलीय?"

"आप्पा, ही गोष्ट ठीक आहे. पण कवटीत भीक घेता येते. दगडात काय घेऊ मी?"

आप्पा दगड उलटसुलट करून बघतात, हातासकट. बराच वेळ बघतात. सोनाराने खोटा दागिना बघावा तसं.

"न्हाई," ते म्हणतात. "ह्येचं भांडं न्हाई व्हायचं."

ते उठून चालायला लागतात आणि ती मागून जाते. गाभाऱ्याला मागं दार नव्हतं, आता आहे. त्यातून लांब व्हरांडा निघतो, भिंतीला पोपटी रंग, वर नळीचे दिवे, दोन्ही बाजूंना लोखंडी बाकडी. दवाखान्याचा व्हरांडा. फिनेलचा वास आणि धुपाचा वास एकमेकांत. बाकड्यांवर माणसं खांद्याला खांदा लावून बसलीयत, जागा नाही ती भिंतीला टेकून उभी आहेत. कुणी बोलत नाही. ओळ लांब जाते, वळते, परत येते, आणि कुमुदला वाटतं की कुणीतरी ही सगळी दोऱ्यात ओवलीयत. बायका, पुरुष, तान्ही मुलंसुद्धा, एकामागं एक, गळ्यात घालायला केलेली माळ असते तशी. सगळ्यांची तोंडं किंचित उघडी आहेत. सगळ्यांचे ओठ फुटलेले.

"ही कोण?"

"ज्यांना कुनी न्हाई ती."

"इथं काय करतायत?"

"पान्याला आलीयत. फुडं बघ."

व्हरांड्याच्या टोकाला ऊन आहे. तिथं बंधाऱ्याचा काठ आहे, आणि काठावर भानू बसलाय. डोकं भादरलेलं, खांद्यावर पंचा, समोर धोतराच्या चिंधीवर दगड. तोच दगड, तिच्या हातात आहे तो तिथंही आहे. भानू ओंजळीत तीळ आणि पाणी घेतो, अंगठ्याच्या बाजूने सोडतो आणि म्हणतो, "आप्पांना." रोज म्हणायचा तसाच, आवाज न फुटू देता. पाणी दगडावर पडतं आणि ओळीतला पहिला माणूस पुढं होऊन ते पितो. कोण आहे कुमुदला माहीत नाही. पिऊन बाजूला होतो, दुसरा येतो.

"तू उचाललास त्यो दगड कुनाचाच न्हवता," आप्पा सांगतात. त्यांच्या आवाजात राग नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगतात. "ज्याचा दगुड त्याचं पानी. ह्यो पडला बेवारशी. मग बेवारशी समदी गोळा झाली. कुठनं कुठनं आली बघ."

"आणि तुम्ही?"

"म्या काय?"

"तुमचं पाणी, आप्पा. तुम्हाला पोचलं का?"

विचारलं एकदाचं. इतकी धडधड होते की तिला वाटतं जाग येईल. आप्पा तिच्याकडं न बघता ओळीच्या अगदी शेवटी जाऊन उभे राहतात. त्यांच्यामागं कुणी नाही.

"माझा लंबर यायचा हाय," ते म्हणतात.

"असं कसं? भानू तुमचं नाव घेऊन सोडतोय. तुमचा मुलगा आहे तो. चला पुढं." ती त्यांचा दंड धरते. दगडाचा हात मधे येतो, नीट धरता येत नाही. "चला, मी सांगते सगळ्यांना. ते देतील वाट."

"कुमे." ते हलत नाहीत. "बावन्न वरसं देवळात रांग लावली म्या. आमदाराचा मेव्हणा आल्ता मधनं घुसाय, त्यालाबी हाताला धरून माघारी नेला. आन आता म्या घुसू?"

"ती देवळातली रांग होती!"

"आन ही कसली हाय?"

ओळ सरकते आहे, पण फार हळू. काठावर भानू ओंजळ भरतो, सोडतो, "आप्पांना" म्हणतो. कुमुद माणसं मोजायला बघते आणि थांबते, कारण सहा दिवसांत मोजून किती ओंजळी सोडल्या गेल्या ते तिला ठाऊक आहे, आणि ओळ त्याहून लांब आहे.

आप्पांच्या पुढं एक म्हातारी उभी आहे. हिरवा दवाखान्याचा झगा, पाठीवर नाड्या सुटलेल्या. कुमुद तिला ओळखते. पलीकडच्या खाटेवरची. तिला कुणी भेटायला येत नव्हतं, आप्पांच्या आदल्या दिवशी गेली, आणि तिच्यावर चादर ओढल्यावर दुपारपर्यंत तशीच होती. तिनेही पाणी मागितलं होतं. कुमुदने तेव्हा पाठ फिरवली होती, कारण ती आपली म्हातारी नव्हती.

"तुम्ही रागावलात माझ्यावर?" कुमुद विचारते. "दवाखान्यात. मी बोळा काढून घेतला तेव्हा."

खोटं बोलतील असं तिला वाटतं. ती थोडी वाटही बघते, खोटं बोलण्याची.

"तवा रागावलो हुतो," आप्पा म्हणतात. "लई. तोंडानं बोलता येत न्हवतं म्हणून, न्हाईतर शिव्या घातल्या असत्या तुला."

"आणि आता?"

"आता तहान हाय. रागाला जागा कुठनं आणू?"

ऊन सरकतं. व्हरांडा आखूड होतो, की माणसं कमी होतात, कळत नाही. म्हातारी काठाशी पोचते. तिचे हात इतके थरथरतात की पाणी तिच्या तोंडापर्यंत जात नाही, हनुवटीवरून झग्यावर सांडतं. आप्पा पुढं होतात. रांग मोडून नाही, पुढचीला हात द्यायला. भानूने सोडलेली ओंजळ ते आपल्या तळव्यावर झेलतात आणि म्हातारीच्या ओठाशी धरतात, दुसऱ्या हाताने तिची मान सावरतात. "हळू, हळू. ठसका लागंल." म्हातारी पिते. सगळं पिते. त्यांच्या बोटांच्या फटीतनं काही थेंब निसटतात, तेही तिच्याच छातीवर पडतात. मग ती बाजूला होते.

आता आप्पांच्या पुढं कुणी नाही.

भानू भांडं पालथं करतो. तीळ झटकतो. पंच्याने मान पुसतो आणि उठतो. चिंधीसकट दगड उचलतो, बंधाऱ्यात सोडून देतो. डुबुक असा आवाज येतो. लोक म्हणतात, तृप्त होऊन गेला. भानू त्यांच्या अंगावरून निघून जातो. त्याला वडील दिसत नाहीत, बहीणही दिसत नाही.

"भानू!" कुमुद ओरडते. "थांब, अजून एक माणूस आहे!"

"नगं वरडू त्याच्यावर. दहा दिस झालं. त्याचं संपलं."

"मग तुमचं काय? आता तुम्ही काय करणार?"

आप्पा काठाकडं बघतात. बंधाऱ्यात पाणी आहे, उन्हात चमकतंय, पण ते त्याच्याकडं असं बघतात, जसं दुसऱ्याच्या शेताकडं बघावं. कुमुद खाली बसते, ओंजळ करायला बघते. दगडाचा तळवा मिटत नाही. पाणी एका बाजूने घेतलं की दुसऱ्या बाजूने जातं. ती पुन्हा घेते. पुन्हा जातं. ती दात ओठ खाऊन पुन्हा घेते आणि तोवर काठावरची माती हाताला लागते, पाणी मागं सरलेलं असतं. पाणी दूर कुठंतरी चमकतंय. कुमुद मातीत गुडघ्यांवर बसलीय आणि तिला रडूही येत नाही.

मागून आप्पा जवळ येतात. ती त्यांचा श्वास ऐकते, कोरडा, घशात खरखरणारा, दवाखान्यातल्यासारखा.

"ऊठ," ते म्हणतात. "उन्हं उतारली. भानूला म्हणावं, दिव्याची येळ झाली, देव आंधारात हाय." आणि तिला उठवायला तिच्या खांद्यावर हात ठेवतात.

कुमुद उठून बसते.

सोपा. चटई. लीलाचं सूप वाजतंय, मघाचंच, बहुतेक पायलीभर ज्वारीही पाखडून झालेली नसेल. जीभ टाळूला चिकटलीय. उजव्या तळव्यात काही नाही, चटईच्या काड्यांचे वळ तेवढे आहेत. ती डावीकडं मान वळवते.

खांद्यावर, फिकट निळ्या सुती पातळावर, ओला पंजा उमटलाय. चार बोटं पुढं, अंगठा मागं. रुंद, पुरुषाचा. ती हात लावत नाही. मान तशीच ठेवून बघत राहते. ओल अजून खोल आहे, आतल्या कातडीला गार लागतेय.

मागच्या दाराने भानू येतो. डोक्यावर केसांचे खुंट, हातात कसलीशी दोरी. "अक्के, च्या टाकू का म्हणतीया लीला. झोपली हुतीस व्हय?"

"भानू, खाली बस."

"काय झालं?"

"जीवखडा आप्पांचा नव्हता."

तो उभाच राहतो. ती सगळं सांगते. ढोली, उकिरडा, फडकं, अर्धा तास, धोतराचा तुकडा. सांगायला वेळ लागत नाही, इतके दिवस जे पोटात धरलं ते पाच वाक्यांत संपतं. भानू हातातली दोरी एकदा गुंडाळतो, सोडतो.

"एवढी शिकलीस," तो म्हणतो. आवाज अगदी बारीक. "एवढी पुस्तकं सांभाळतीस. एक दगूड सांभाळता आला न्हाई तुला?"

"नाही आला."

"मग मी सहा दिस पानी कुनाला घातलं?"

कुमुदला उत्तर माहीत आहे. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीचं नावसुद्धा माहीत नाही, पण उत्तर माहीत आहे. ती सांगत नाही. खांदा त्याच्याकडं करते. भानू वाकून बघतो. बोटं बघतो, अंगठा बघतो. स्वतःचा हात त्यावर धरून बघतो, न टेकवता. त्याचा पंजा लहान पडतो.

"पोचलं हुतं," तो म्हणतो. त्याचा चेहरा एकदम उजळतो, बघवत नाही इतका. "अक्के, पोचलं हुतं की पानी!"

"हातापर्यंत," कुमुद म्हणते.

भानू तिच्या तोंडाकडं बघत राहतो. मग त्याला काय कळतं, किती कळतं, देव जाणे. तो सरळ होतो, मागं जातो. पिंपावरचं झाकण काढल्याचा आवाज येतो. टँकर चार दिवसांनी यायचाय, लीला ओरडते, "अवो, ते प्यायाचं हाय!" घागर बुडवल्याचा आवाज. मग अंगणातल्या दगडांवर पाणी पडल्याचा आवाज, एका जागी, मग जरा पलीकडं, मग उकिरड्याच्या बाजूला. प्रत्येक वेळी तो काहीतरी म्हणतो, एकच शब्द. इथून ऐकू येत नाही, पण कुमुदला तो माहीत आहे.

तिलाही जायला हवं. दुसरी घागर घ्यायला हवी. पण उठलं तर पदर हलेल. चैत्राची हवा दारातून आत येतेय, आणि करंगळी कडेने वाळायला लागलीय. कुमुद मान वळवलेली तशीच ठेवून बसून राहते. करंगळी जाते, तिच्या शेजारचं बोट जातं, मग तळवा. बाहेर पाणी पडल्याचा आवाज येतो आणि दगड तापलेले असल्यामुळं लगेच थांबतो. अंगठा सगळ्यात शेवटी वाळतो.